उजवा हनुवटीशी, डावा डोक्यावर

हणमंता गेल्याची बातमी मला इरफाननं फोनवर दिली. "सर, अण्णा गेलं ओ..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. खोटं कशाला सांगू, दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की याला ही बातमी माझ्याआधी कशी कळली? फौजेत हणमंताबरोबर एका बराकीत राहिलो मी, एका ताटात जेवलो मी. इरफान तर माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा. पण दवाखान्यात शेवटी हणमंताच्या उशाशी तो होता, मी नव्हतो. महिना होत आला, तरी ते सलतंय.

हणमंता साताऱ्याजवळच्या खेड्यातला, मी सांगलीचा. आमच्याकडची पोरं कुस्ती खेळतात. बॉक्सिंग आम्हा दोघांच्या हाताला फौजेत लागलं. माझं दुर्दैव एवढंच की आमचं वजन सारखं भरायचं. दरवेळी अंतिम लढत आमचीच, दरवेळी तो पहिला आणि मी दुसरा. बरं, नुसता जिंकला असता तर चाललं असतं. पण माणसं त्याच्यावर जीव टाकायची. मेसचा आचारी त्याच्या ताटात न मागता अंडी वाढायचा, आणि मी शेजारी बसून वरण ओरपायचो. तो देशात पहिला आला तेव्हा गावानं जीपमधून मिरवणूक काढली. त्या जीपमध्ये मीही होतो... मागं, त्याच्या गळ्यातून काढलेले हार सांभाळत.

फौजेतून सुटल्यावर तो साताऱ्यात एका कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागला. मी सांगलीत विश्रामबागेत पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागलो. इरफान माझा सगळ्यांत तयारीचा पोरगा. हणमंताची चाळिशी उलटली होती, पण ग्लोव्हज काही सुटत नव्हते. कराडला एका प्रदर्शनी लढतीत आयोजकांनी त्याची गाठ इरफानशी घातली, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "हणमंता, पोरगं लय चपळ हाय. नगं उतरूस."

तो हसला. "तुझंच पोरगं न्हवं? मग त्याचा ठोसा मला ठावं हाय की रं."

हे मला फार लागलं. त्यानंतर मी त्याला अडवलं नाही.

रिंगमध्ये इरफान आधी वाकून त्याच्या पाया पडला. हणमंताचा उजवा हात ग्लोव्हजसकट आपोआप पोराच्या डोक्यावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या फेरीत इरफान नुसताच भोवती फिरत राहिला, मोठ्या माणसाला मारायचं कसं म्हणून बिचकत. हणमंतानं तिथंच चुकीचा अंदाज बांधला. पाया पडलेलं पोरगं आपल्याला काय मारतंय, असं धरून चालला तो. दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा हात सैल होऊन छातीखाली आला. मी कोपऱ्यातून ओरडलो, "इरफान, मान राखलास, आता हात राखू नगं!" आणि पोराचा डावा हूक हनुवटीवर बसला... हणमंता मटकन खाली बसला. पंचांची मोजणी संपली तरी उठला नाही.

मला आनंद झाला. मूठ वर करून ओरडलो मी. पण दुसऱ्या क्षणाला ती मूठ आपोआप खाली आली. तो ठोसा माझा होता. उभी जवानी मी त्यासाठी घाम गाळला, आणि तो मारला दुसऱ्याच कुणी. तोवर इरफान त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून विचारत होता, "अण्णा, लय लागलं काय ओ?"

"लागलं की! पाया पडल्यालं पोरगं एवढ्या जोरात मारंल, आसं वाटलंच न्हाई गड्या," हणमंता म्हणाला आणि हसायला लागला. सगळं मैदान उभं राहिलं... हरलेल्यासाठी.

त्यानंतर तो रिंगमध्ये उतरला नाही. पण इरफान सुट्टी मिळाली की साताऱ्याची एसटी धरायला लागला. जिंकलो आम्ही, आणि पोरगा गेला त्याच्याकडे! त्यात हणमंतानं एक नवीन खोड लावून घेतली. कुणी पाया पडलं की उजवी मूठ हनुवटीशी घट्ट धरायची आणि डावा हात डोक्यावर ठेवायचा. वहिनी कावायच्या, "आवं, डाव्या हातानं कुनी आशीर्वाद देतं व्हय?" तो म्हणायचा, "उजव्याला काम हाय." माणसं पोट धरून हसायची. आपल्या हरण्याचंसुद्धा त्यानं लोकांना कौतुक करायला लावलं. माझी बक्षिसं कपाटावर धूळ खात पडली आहेत, ती कुणी कधी बघायला मागितली नाहीत.

तेराव्याला साताऱ्याला गेलो. हणमंताच्या फोटोसमोर माथा टेकून इरफान उठला आणि सरळ माझ्याकडे आला. कराडनंतर बहुतेक पहिल्यांदाच तो माझ्यापुढं वाकला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी हा परत माझा झाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि रडता रडता हसला. "अण्णा..." म्हणाला.

इतकी वर्षं मी त्याचा सर होतो. तो असा का म्हणाला ते मला कळेना. मग लक्षात आलं, माझी उजवी मूठ हनुवटीशी होती.

मी ती खाली घेतली नाही.