सुकेळी आणि माझं 'मस्ट हॅव'

माझ्या नवऱ्याला मी इंग्रजीतून चोर ठरवलं, कारण मराठीतून माझं तेवढं धाडस झालं नसतं.

मी माणिकपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. पालकांचा इंग्रजी फोन आला की 'वन मिनिट' म्हणून रिसीव्हर शिपायाच्या हातात द्यायचे. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, इंग्रजीचं सर्टिफिकेट आणा, मग पालकांशी बोलायला पुढच्या टेबलावर बसवते. त्रेपन्नाव्या वर्षी क्लास लावला आणि तोंडी परीक्षेत एकदा नापासही झाले. (तोंड उघडलं होतं, आतून काही आलं नाही.) आता शेवटची संधी. क्लासच्या मिसनी सांगितलं, घरात घडलेली गोष्ट घ्या आणि पुरावा बघून तर्क करा. खात्री असली तर 'मस्ट', शंका असली तर 'माइट', शक्यच नसलं तर 'कान्ट'. होऊन गेलेल्या गोष्टीला पुढे 'हॅव' जोडा.

देवाची कृपा, परीक्षेच्या आदल्याच दिवशी घरात चोरी झाली!

लंडनला परत निघालेल्या नणंदेसाठी सासूबाईंनी नंदाखालहून सुकेळी पाठवली होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. ते पुडकं बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमधून गायब! घरात माणसं दोन. त्यातल्या एकाला मधुमेह आणि गोडाचं वेड. वर मुंग्यांची रांग थेट त्याच्याच कपाटाकडे चाललेली.

"यू मस्ट हॅव ईटन," मी म्हणाले.

"मराठीत बोल."

"सुकेळी... तुम्ही तर नाही ना खाल्लीत?"

"आईशपथ, मी पुडकं बघितलंसुद्धा नाही."

मी वहीत लिहिलं, 'ही माइट बी लाइंग'. थोड्या वेळाने 'माइट' खोडून 'मस्ट' केलं. नवरा रुसून जेवला नाही, तेही पुराव्यात घातलं; पोट भरलेलं असणार!

दुसऱ्या दिवशी परीक्षेला वर्गात उभी राहिले आणि सुटलेच. शेजारीण कान्ट हॅव कम, मांजर कान्ट हॅव ओपन्ड, माय हजबंड मस्ट हॅव ईटन! पाच मिनिटं बोलले, एकदाही 'वन मिनिट' न म्हणता. टाळ्या पडल्या. घाम पुसायला पिशवीतून रुमाल ओढला, तर मागोमाग पुडकं बाहेर पडलं. मुंग्यांसकट.

नवऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून मीच ते क्लासच्या पिशवीत तळाशी दडवलं होतं. आणि पिशवी रोज टांगते कुठे, तर त्याच्या कपाटाच्या कडीला!

मिसनी शांतपणे विचारलं, "नाऊ?"

पुढचं टेबल गेलं, असं वाटलं. पण शब्द आपसूक आले. "ही कान्ट हॅव ईटन. आय मस्ट हॅव फर्गॉटन."

पास! तेही वर्गात पहिली.

सर्टिफिकेट नाचवत घरी आले, नवऱ्याची माफी मागितली, पुडकं समोर ठेवलं. त्याने सावकाश दोरा सोडला.

"शिक्षा भोगून झाली," तो म्हणाला, "आता गुन्हा करतो."

एक, दोन, तीन... कोणत्या तोंडाने अडवणार?

आठवड्याने नणंदेचा लंडनहून फोन आला. "वहिनी, पुडकं अर्धंच कसं?"

आता मी पुढच्या टेबलावरची बाई. बेधडक म्हणाले, "अँट्स मस्ट हॅव ईटन."

मराठीतून इतक्या सफाईने मला खोटं बोलता आलं नसतं.