मिशीतून जाणारी हवा

पवनीत माझं मोटारपंपांचं दुकान आहे. पंप विकतो, बसवतो आणि बिघडला की शिव्या देत दुरुस्त करतो. पाणी कुठून गळतं हे शोधण्यात माझा हात धरणारा या पट्ट्यात कोणी नाही, असं मीच इतकी वर्षं सर्वांना सांगत आलो आहे. त्या मला स्वतःच्याच तोंडातून गळणाऱ्या हवेपुढे हात टेकावे लागले.

त्याचं असं झालं की मला कुठेही झोप लागायची. गिऱ्हाईक पाईपचं माप सांगत असायचं आणि मी घोरायला लागायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. मग एका पावसाळ्यात गोसीखुर्दकडून परत येताना मोटारसायकलवरच डोळा लागला आणि मी गाडीसकट एका धानाच्या बांधीत उतरलो. चिखल होता म्हणून हाडं वाचली. रोवणी करणाऱ्या बायांनी मला ओढून काढलं. त्यातली एक म्हणाली, भाऊ, इथलं रोवून झालं होतं, पडायचंच होतं तर पलीकडच्या बांधीत पडायचं.

बायकोनं चिखलानं माखलेला नवरा पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की झोपेत माझा श्वास सारखा बंद पडतो, म्हणून रात्रभर झोपूनही माझी झोप होत नाही. त्यांनी एक मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येत राहते आणि श्वासाची वाट उघडी राहते. नाही वापरलं तर हृदय थकेल, म्हणाले, आणि दर वेळी रस्त्याच्या कडेला चिखलच असेल असं नाही. हे वाक्य बायकोनं तिथंच पाठ केलं आणि घरी येऊन बाबूजींना ऐकवलं.

बाबूजी म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, पण रोज सकाळी शेतावर जाऊन दोन-तीन लोकांशी भांडून येतात आणि मगच चहा घेतात. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मास्क हातात धरून उलटसुलट केला आणि म्हणाले, बैलाचं मुसकं आहे. विषय संपला.

या मशीनची एक खोड होती. सकाळी ते एक चेहरा दाखवायचं. रात्रभर हवा गळली नसेल तर हसरा, गळली असेल तर रुसलेला. मशीन हसलं की किल्ली मिळेल, असं बायकोनं जाहीर केलं. आणि मशीन काही हसेना. नाकातून आत गेलेली हवा माझ्या उघड्या तोंडातून बाहेर पडायची, आणि पडताना ओठ असे फुरफुरायचे की बायको पहिल्या रात्री गोठ्यात जाऊन म्हैस पाहून आली. माझं घोरणं तिनं इतकी वर्षं सहन केलं होतं, हे फुरफुरणं मात्र तिला नवं होतं. ती म्हणाली, तुमचं तोंड दिवसा बंद राहत नाही, रात्री काय राहणार.

मशीनवाल्यानं फोनवर सांगितलं, हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधा. मी बांधला. सकाळी बायको चहा घेऊन आली, मला पाहिलं आणि कप खाली पडला. मी उताणा, डोळे मिटलेले, जबडा बांधलेला. आमच्याकडे माणसाचा जबडा एकदाच बांधतात, आणि तो माणूस नंतर चहा पीत नाही.

"जित्त्या माणसाचा जबडा कोणी बांधते का?" असं म्हणून ती रडायलाच लागली. आवाज ऐकून बाबूजी दारात आले, पाहिलं आणि परत गेले. त्या दिवशी ते शेतावर कोणाशी भांडले नाहीत, हे मला आमचं शेत वाट्यानं करणाऱ्यानं काळजीनं येऊन सांगितलं. पट्ट्याची रवानगी अंगणाच्या फाटकावर झाली. फाटक तेव्हापासून नीट बंद राहतं.

मग मी ओठांवर चिकटपट्टी लावून पाहिली. औषधाच्या दुकानातली, कागदाची. खालच्या ओठाखाली ती छान चिकटली. वर मिशी होती. माझी मिशी म्हणजे साधी मिशी नव्हे, दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त लोक तिला ओळखायचे. पट्टी तिच्यावर रात्रभर धरून राहायची नाही, पण सकाळी काढायला गेलो की सोडायचीही नाही. पट्टी लावलेली असताना बायकोनं मात्र मनातलं सगळं सलग बोलून घेतलं, माझ्या आईच्या वेळेपासूनचं. तिच्या मते हा उपाय चालू ठेवायला हरकत नव्हती.

शेवटी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क मागवला. आता तोंड उघडलं तरी हवा आतच. मी खूश. पण सकाळी मशीन रुसलेलंच. हवा आता मिशीतून निघून सरळ माझ्या डोळ्यांत जात होती. दोष मला लगेच कळला. वायसर आणि पाईप यांच्यामध्ये केसभर काडी आली तरी पाणी थेंबतं, हे मी रोज लोकांना शिकवतो. इथे तर अख्खी मिशी आली होती. मलम चोपडलं, तर मास्क घसरून कानावर गेला. मिशी कातरून अर्धी केली, मग आणखी कातरून रेघेएवढी ठेवली. आमच्याकडच्या नाटकांत जमीन हडपणारा सावकार असतो तसा दिसायला लागलो. खुंट ताठ उभे राहिले आणि हवा त्यांच्यामधून जायला लागली.

मशीनवाला म्हणाला, पूर्ण काढून टाका. मी फोनच ठेवला. नागपुरात बसून बोलायला त्याचं काय जातं. आमच्या घरांत माणूस मिशी काढतो ती बाप गेल्यावर. बाप रोज शेतावर भांडायला जातोय आणि मुलगा गुळगुळीत होऊन दुकानात बसलाय, हे कसं दिसेल? माझ्या दुकानासमोरच्या टेलरच्या घरी आजोबांपासून बौद्ध धम्म, ही रीत त्यांच्यात नाही. तो कायम सफाचट, त्याचे वडीलही ठणठणीत. तो म्हणायचा, काही होत नाही, काढ. मी म्हणायचो, तुमचं बरं आहे. पण मला खरंच भीती वाटत होती. बाबूजींच्या वयात अशी गोष्ट कोणी स्वतःच्या हातानं बोलावत नाही.

एका दुपारी जेवून मास्क लावून पडलो होतो. जाग आली तर बाबूजी खाटेच्या काठावर बसलेले. त्यांचा तळहात माझ्या मास्कच्या कडेशी धरलेला होता. पंपाच्या जोडाशी मी धरतो तसा.

"हवा इथून जाऊन राहिली," ते म्हणाले. "मिशीतून."

मी मान डोलावली.

"मंग काढून टाक."

मी मास्क काढून म्हटलं की तुम्ही असताना कशी काढू. ते उठले. धोतर सावरलं, काठी घेतली आणि चालायला लागले. मी मागून.

न्हाव्याकडे बाबूजी दाराबाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसले. मी खुर्चीत बसून मिशी काढायला सांगितली. न्हाव्याचा हात थांबला. त्यानं रेडिओ बंद केला, आवाज खाली आणला आणि विचारलं की काका कधी गेले.

"अजून नाई गेलो," बाहेरून पेपरामागून आवाज आला. "तू वस्तरा चालव."

मग जे व्हायचं ते झालं. मी गप्प चेहऱ्यानं रस्त्यानं निघालो, आणि माझ्या मागं बाबूजी. लोक माझ्याकडे पाहून टोपी काढायचे, मग बाबूजींना पाहून परत घालायचे. संध्याकाळी माणसं भेटायला येऊ लागली. बाबूजी स्वतः त्यांना चहा विचारायचे आणि त्यांच्या घरची खुशाली घ्यायचे. कोणीतरी बपेऱ्याला दिलेल्या माझ्या बहिणीला कळवलं. तिचा फोन आला तो रडतच. बाबूजींनी फोन घेतला आणि म्हणाले, "जित्ता होतो तं फोन नाई, मेलो तं लगेच केला?" ती आणखी जोरात रडायला लागली. मग दोघं खूप वेळ भांडले. दोघांनाही बरं वाटलं असावं.

दुसऱ्या सकाळी मशीन हसलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही हसलं. बायकोनं मशीनचा फोटो काढून ठेवला आणि किल्ली दिली. दुपारी गिऱ्हाईकांसमोर मी जागा राहू लागलो, आणि मी घोरत असताना हिशोबाच्या नावाखाली त्यांनी मला आजवर काय काय ऐकवलं असेल याचा अंदाज येऊ लागला.

पण गावोगाव लोकांचे सांत्वनाचे चेहरे पाहून माझं डोकं फिरायला लागलं. एकानं तर विहिरीवर मला पंपाला हात लावू दिला नाही, तेरवीपर्यंत काम करू नका म्हणाला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाबूजींवरच तापलो. म्हटलं, जन्मभर तुम्हीच आम्हाला रीतभात शिकवली, शेजारच्या मुलानं मिशी काढली तर तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आता गावभर माझा हा तमाशा तुम्हाला चालतो?

ते अंगणात खाटेवर बसून सुपारी कातरत होते. कातरणं थांबवलं नाही.

"मी गेलो तं माह्यासाठी मिशी काढाले," ते म्हणाले, "तू राहाले पाहिजे ना बाबू."

माझा सगळा राग तिथंच जिरला.  मी खाली त्यांच्या पायाशी बसलो, आणि त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.