एकाच घरातले दोन नवस

आमच्या आणि हायमभाऊंच्या घरात एकच भिंत, आणि तीही बिल्डरने बांधलेली. पलीकडे लसूण ठेचला तर इकडे मला आज त्यांच्याकडे काय शिजतंय ते कळतं. त्यामुळे न्हावा शेवा बंदरातल्या क्लिअरिंगच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर हायमभाऊंनी गिटार हातात घेतली, ती माझ्याच डोक्यावर ठेवली म्हणायची.

गिटार त्यांच्या मुलीची, ओर्लीची. लग्न करून ती इस्रायलला गेली आणि गिटार कपाटावर राहिली. तिच्या आईचं, हेप्झिबाताईंचं, गाणंही तेव्हाच बंद झालं. त्या म्हणजे आमच्या पनवेलच्या बेने इस्रायल ज्यू मंडळींतला गाता गळा. कुणाचीही मेंदी असो, त्यांची ठसकेबाज मराठी गाणी झाल्याशिवाय नवरीचे हात रंगायचे नाहीत. ओर्लीच्या मेंदीला गायल्या ते शेवटचं. नंतर कुणी आग्रह केला की म्हणायच्या, "गळ्याला गंज चढलाय."

"कुमुदताई, कुणाला सांगू नका," गॅलरीत कपडे वाळत घालताना हायमभाऊ मला हळूच म्हणाले, "तिचं मेंदीचं गाणंच शिकतोय. वाद्य वाजलं की ती गाईल. एलियाहू हन्नाबीला नवस बोललोय, हेप्झिबा गायली की मलिदा करीन."

हन्नाबी म्हणजे त्यांचा नवसाला पावणारा प्रेषित, आणि त्याचा नवस फेडायचा तो मलिद्याने. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असं ताट मांडायचं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. मला मलिदा फार आवडतो, म्हणून मी गप्प बसले. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

पण माणूस शिकणार कसा? सुशांत सरांच्या गिटारच्या क्लासात सगळी शाळकरी पोरं, मध्ये हे टक्कलवाले. पोरं बघता बघता वाढदिवसाची गाणी वाजवायला लागली, हायमभाऊ पहिल्याच कॉर्डवर. आयुष्यभराची सवय हो! एका कंटेनरचे कागद पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. सर म्हणाले, "अंकल, पुढची कॉर्ड घेऊया." हे म्हणाले, "अजून हिचं क्लिअरन्स झालेलं नाही." सगळा पावसाळा मी भिंतीपलीकडून ती एकच कॉर्ड ऐकली. इकडे डाळ शिजायची, आमच्या ह्यांचा पेपर वाचून व्हायचा, पण कॉर्ड काही सुटायची नाही. बोटांना घट्टे मात्र पडले. ते घट्टे जिन्यात भेटेल त्याला दाखवायचे, नव्या नवरीने अंगठी दाखवावी तसे.

सुटका एकच, शब्बाथ. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे वाद्याला हात लावत नाहीत. त्यांच्यापेक्षा आमचाच मजला शब्बाथची जास्त वाट बघायला लागला. शनिवारी दुपारी जो तो झोप काढायचा. समोरच्या फ्लॅटमधला कुमार रात्रपाळी करतो. तो एकदा अगदी गंभीरपणे मला विचारून गेला, "आंटी, ह्यांच्यात बुधवारचा पण एखादा शब्बाथ नसतो का हो?"

अशात एक दिवस हेप्झिबाताई वाटीभर आमटी घेऊन आल्या आणि दार लावून म्हणाल्या, "कुमुद, तुलाच सांगते. मी हन्नाबीला नवस बोललेय. ही गिटार एकदाची बंद पडू दे, मलिदा करीन."

एकाच घरातून, एकाच नबीकडे, दोन उलटे अर्ज! त्या बिचाऱ्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही माहीत असलेली मी काठावर उभी.

"त्यापेक्षा तुम्हीच गा ना," मी चाचरत म्हटलं.

"कुणासाठी? ऐकणारी तिकडे बसलीय," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत निघून गेल्या. त्या दिवसापासून मला गिटारीचा राग येईना. उलट भिंतीला कान लावून मी मनात म्हणायची, भाऊ, आटपा आता.

थंडी पडली तेव्हा कुठे हायमभाऊंच्या तीन कॉर्ड क्लिअर झाल्या. गाण्याला तेवढ्या पुरत होत्या. एका रविवारी सकाळी मी वाटी परत द्यायला गेले होते. हेप्झिबाताई विळीवर नारळ खवत होत्या. हायमभाऊंनी बाहेर खुर्चीत बसून मेंदीचं गाणं सुरू केलं. 'मेंदी वाटली' एवढं वाजलं आणि थांबलं, कारण दुसऱ्या कॉर्डसाठी बोटं एकेक करून तारांवर लावायची होती. पळस्प्याच्या नाक्यावर ट्रक अडकतो तसं ते गाणं अडकलं. मग 'पाट्यावर'. पुन्हा थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा तिथेच अडलं.

ताईंचा हात विळीवर थबकला. कपाळाला आठी पडली. "अहो, अशी मध्येच कुणी मेंदी थांबवतं का? वाळेल ना ती!" त्या ओरडल्या, आणि हायमभाऊ तिसरं बोट शोधत होते तेवढ्यात पुढची ओळ त्यांच्या तोंडून निघालीच. "रंग चढला हातावर..." सुरुवातीला आवाज चिरका आला, मग मोकळा झाला. खोबऱ्याने माखलेल्या हातांनी ताल धरत त्या गातच राहिल्या. गंज कसला नि काय! हायमभाऊंचा हात तारांवर तसाच राहिला. मी वाटी हातात धरून खुशाल रडले.

गाणं संपलं तसे हायमभाऊ उठून उभे राहिले. "पावला! माझा नवस पावला!"

"तुमचा कसला? माझा पावला! बंद पडली ना गिटार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही हं," आणि वाटी ठेवून घरी पळाले.

मलिदा दणक्यात झाला. नवस दोन म्हणून ताटंही दोन, आणि मी दोन्हीकडचं खाल्लं. सगळे गेल्यावर मी ताटं उचलू लागत होते, तेव्हा हायमभाऊंनी गिटार कव्हरात घातली आणि ओर्लीच्या कपाटावर ठेवायला स्टुलावर चढले.

"हे काय करताय?" ताईंनी विचारलं.

"तुझा नवस. बंद पडली म्हणजे पडली. हन्नाबीशी लबाडी नको."

ताई थोडा वेळ ताटातलं खोबरं गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा खाली. तुम्ही अडल्याशिवाय मला गाणं फुटत नाही. हन्नाबीला मी समजावते."

आता रोज संध्याकाळी पलीकडे हायमभाऊ अडतात आणि हेप्झिबाताई गातात. कधीकधी फोनवर ओर्लीही तिकडून सूर धरते. शनिवारी मात्र भिंत गप्प असते, आणि मला दुपारी झोप लागत नाही.