भाजी चिरायची फळी

पुसेगावच्या अनुसयाबाईंचा जन्म विळीवर गेला. पायाखाली पाट दाबून धरायचा आणि वांगं पात्याकडं न्यायचं, मग घरात लग्न असो की चौघांची भाजी. स्वयंपाकघर हेच त्यांचं राज्य. बाकी घरात त्यांना विचारत कोण होतं? नवऱ्याने हयातीत विचारलं नाही, आणि लेक प्रभू बापावरच गेलेला.

मग गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागायचा, आणि हात द्यायला आलेली सून सीमा तोंड वाकडं करायची. एक दिवस ती म्हणालीच, "आत्याबाई, तुमी आता भाजीच्या भानगडीत पडूच नका."

अनुसयाबाईंना पुढचं दिसलं. आज चिरणं गेलं की उद्या फोडणी जाणार, आणि मग कोपऱ्यात बसून वाढलेलं खायचं. गावातल्या म्हाताऱ्यांचं हेच होताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं, आता उभ्याने, ओट्यावर, सुरीने चिरायचं.

फळी घ्यायला त्या सुनेला घेऊन औंढ्याला गेल्या. नागनाथाला हात जोडले ते उरकल्यासारखे. जीव सगळा बाहेरच्या दुकानांत. काचेच्या फळीवर सुरी घसरत होती. प्लास्टिकची हलकी होती, पण तसल्या फळीच्या चिरांत काळं साचलेलं त्यांनी सीमाच्या माहेरी पाहिलं होतं. आंब्याच्या लाकडात नख रुतलं. शेवटी ढिगाच्या तळातून त्यांनी चिंचेची एक जाडजूड फळी ओढून काढली.

"शी! खाटकाच्या ओंडक्यावानी दिसून राहिली," सीमा म्हणाली.

"खाटीक काय येडा हाय व्हय? हीच टिकती."

घरी त्यांनी फळीला करडीचं तेल चोळून मुरवलं. ती सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं अंथरलं. सुरी वरून खाली आणायची सवय हाताला नव्हती, बोटं कापली. हळद दाबायची आणि पुन्हा चिरायला लागायचं. दिवाळीपर्यंत कांदा असा बारीक पडायला लागला, की प्रभू जेवता जेवता म्हणाला, "माय, आज भाजी बराबर जमली." म्हातारी त्या एका वाक्यावर कितीतरी दिवस जगली. हसू नका. ज्यांना कधीच कुणी काही म्हणत नाही, त्यांना एवढंही पुरतं.

उन्हाळ्यात प्रभूने सांगितलं, लेकरांच्या शाळेसाठी हिंगोलीला खोली केलीय. "जागा लहान हाय, माय. तू इथं घर सांभाळ." हे औंढ्याला जायच्या आधीच ठरलं होतं. दुकानात शेजारी उभी असलेली सून तेव्हा त्याबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती.

निघायच्या दिवशी सीमाने भांड्यांच्या पोत्यात फळी घातली.

"सीमे, ती माझी हाय."

"तितं वट्यावर लागंल ना, आत्याबाई. नवी काहून घ्यायची? तुमाला विळी हायच की. जन्माची सवय."

प्रभू दारातच होता. त्याने ऐकलं, आणि पोत्याची दोरी आवळली. अनुसयाबाई भांडल्या नाहीत. भांडायला हवं होतं.

टेम्पो गेला. दुपारी त्यांनी कोपऱ्यातली गंजलेली विळी काढली, घासली, ओट्यावर ठेवून पाहिली. पायाचा भार नसला की विळी जागेवर राहत नाही. शेवटी भिंत धरून त्या कशाबशा खाली बसल्या आणि एकटीपुरतं वांगं चिरलं. चिरून झाल्यावर उठायला म्हणून त्यांनी सवयीने हात वर केला, आणि तो तसाच राहिला.