राईच्या बांधावरची माती

नव्वदच्या आसपास आम्ही मुंबई सोडून मीरा रोडला राहायला आलो. मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. जाईन तिथली चमचाभर माती पिशवीत भरून आणायची, तिच्यातले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि त्यातला एखादा रोगजंतूंना मारतो का ते बघायचं. मारत असेल तर त्याच्याभोवती स्वच्छ कडं दिसायचं. तरी आनंद नाहीच! हे नवीन अँटिबायोटिक कशावरून? जुनंच असणार. संशय घ्यायचाच पगार मिळायचा म्हणा ना.

जवळच्याच राई गावातल्या एका शेताच्या बांधावरच्या मातीनं मात्र माझी झोप उडवली. तिच्यातल्या जंतूचं औषध कुठल्याच जुन्याशी जुळेना. आणि मेलं नशीब, थोड्याच दिवसांत त्यानं ते बनवणंच बंद केलं. करतात ते असं. साहेब म्हणाले, "त्याच जागची ताजी माती आणा, नाहीतर विषय बंद."

गेले. शेताची म्हातारी मालकीण कोयता घेऊन समोर उभी.

"माती कशाला पायजे? बिल्डरची मानूस हाय ना तू?"

शेजारच्या शेतातली माती अशीच कुणी तपासायला नेली होती आणि पाठोपाठ तिथे बिल्डिंग उभी राहिली होती.

"मावशी, औषध शोधतोय आम्ही."

"मातीत औषध? मला येडी समजते काय!"

पुढच्या खेपेला मात्र तिनं आपणहून मातीची पुडी हातात दिली. एवढी गोड कशी झाली ही? मला तिथेच शंका आली. प्लेटवर एक जंतू उगवेल तर शपथ! तणतणत परत गेले.

"मावशी, काय केलंत मातीला?"

"तव्यावर भाजली चांगली. घरची माती परक्याला तशीच देऊ? कुनी करनी केली मंजे?"

मी कपाळावर हात मारला. चिडले, आणि हसूही आलं. बांधाला मात्र तिनं हात लावू दिला नाही.

साहेबांच्या मिनतवाऱ्या करून मुदत वाढवून घेतली. दिवाळीनंतर गेले तर बांधच नव्हता. सगळीकडे मुरमाचा भराव आणि डंपर. म्हातारीच्या मुलांनी जमीन विकली होती. माझा जंतू त्या भरावाखाली गेला, आणि तिचं शेतही.

म्हातारी कडेला बसली होती. मला बघून उठली. आता शिव्या घालणार, असं वाटून मीच आधी म्हटलं, "मावशी, देवाशपथ सांगते, मी बिल्डरची नाही हो."

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि माझा हात धरला.

"बरं, न्हाय सांगत कुनाला. पन मला तळमजल्याची खोली दे. जिना न्हाय चढवत आता."