भाऊजींची दहावी

दहावी नापास होण्याच्या बाबतीत आमच्या भाऊजींच्या तोडीचा माणूस डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी मिळायचा नाही. ते लागोपाठ तीनदा नापास झाले, तिन्ही वेळा गणितात, आणि तिसऱ्यांदा तर आधीच्या दोन्ही खेपांपेक्षा कमी मार्क पडले. दुसऱ्या कुणी ही गोष्ट झाकून ठेवली असती. भाऊजींनी तिचं भांडवल केलं. "पास झालेला माणूस पोरांना काय सांगणार? पडल्यावर कसं वाटतं तेच त्याला माहीत नाही," असं म्हणून ते दिसेल त्या पोराला अभ्यासाचा उपदेश करायला मोकळे. माझी थोरली बहीण त्यांना दिली त्याला आता पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गळ्यात मापाची टेप नसलेले भाऊजी मी फक्त त्या मांडवात पाहिले, आणि तिथेही हार घालून घेता घेता त्यांनी भटजींना दहावीचे मार्क विचारले होते.

कासा बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान आहे आणि आसपासच्या शाळांचे गणवेश वर्षानुवर्षं तेच शिवतात. माप देताना पोरगं हात पसरून उभं असतं. त्याला पळता येत नाही, की मान फिरवता येत नाही. भाऊजी नेमकं तेव्हाच गाठतात. "छाती तीस. गणितात किती?" हा ठरलेला प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय टेप सुटत नाही. आलेलं उत्तर मापांच्या वहीत छाती-कमरेच्या शेजारी टिपलं जातं. चारोटीची एक बाई एकदा मुलाची पँट न्यायला आली आणि पँटच्या उंचीबरोबर तिला चिरंजीव सहामाहीत चार विषयांत गेल्याचंही समजलं. चिरंजीव दुकानाच्या पायरीवरच मार खाऊन गेले. तेव्हापासून काही पोरं दोन तासांची खेप करून थेट डहाणूला माप द्यायला जातात. भाऊजींना त्याचं सोयरसुतक नाही. शिलाई मात्र ते जीव लावून करतात. मुलींचे ड्रेस दोन बोटं मोठे बेततात आणि आत भरपूर माया ठेवतात, म्हणजे उसवून वाढवता येतात. "ड्रेस आखूड झाला की पोरगी शाळेत जायला लाजते, आणि मग जातच नाही. हे मास्तर लोकांना कळत नाही," असं त्यांचं म्हणणं आहे.

शाळा कुणी सोडली हे शाळेच्या आधी भाऊजींना कळतं. जूनमध्ये जो माप द्यायला फिरकला नाही, तो गेला. मग दुकान बंद ठेवून, शेअर जीपला लोंबकळत, ते त्याच्या पाड्यावर जातात आणि त्याला अंगणात उभं करून माप घेतात. एका पाड्यावर पोरगा सापडला नाही, बाप सापडला. भाऊजींनी त्यालाच उभं करून अर्धा तास सुनावलं आणि सवयीने त्याचंच माप लिहून आणलं. ताई म्हणाली, "आता त्याला हाफ पँट शिवून द्या." या खेपांमुळे किती पोरं वर्गात परतली ते मी कधी मोजलं नाही. फार नसावीत. बहुतेक जण पुढच्या वर्षी मासेमारीच्या बोटीवर, वीटभट्टीवर नाहीतर कुठल्यातरी कंपनीत दिसायचे, आणि भाऊजींना पाहून रस्ता बदलायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये रोशनी नावाची मुलगी दुकानात आली तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. तलासरीकडच्या एका पाड्यावरची, कमी बोलणारी. ती मार्चमध्ये दहावीला गणितात गेली होती. पिशवीतून तिने शाळेचा ड्रेस काढला आणि म्हणाली, "काका, हा धाकटीच्या मापाचा करून द्या. मला आता नाय लागत."

"किती कमी पडले?" भाऊजींनी विचारलं.

"सात."

"सातासाठी ड्रेस कापू होय? मला सोळा कमी पडले होते, तरी परत बसलो."

"आणि परत पडले ना?" ती शांतपणे म्हणाली. "तुमाला सांगाया काय जातं, काका. माझ्या बाजूला येऊन बसा, मग सांगा."

इतक्या वर्षांत भाऊजींना कुणी असं उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "बसतो," म्हणाले. धाकटीला त्यांनी दुकानातल्या कापडाचा नवा ड्रेस शिवून दिला आणि दोघांचे परीक्षेचे फॉर्म भरण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी कचेरीतला कारकून. रोशनीला एकट्या गणिताला बसायचं होतं. भाऊजींची नापासी इतकी जुनी की त्यांना सगळेच विषय नव्याने द्या असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं वय काय, हा खेळ काय. उद्या काही बिनसलं तर ती पोरगी दुप्पट खचेल." माझं कोण ऐकतो.

मग दर रविवारी बंद दुकानात आमची शाळा भरू लागली. मास्तर मी. भूमितीत भाऊजींची अडचण नव्हती, गळ्याचा गोल आणि बाहीची मुंड्यापाशीची वळणं जन्मभर कापली होती. बीजगणिताशी मात्र त्यांचं उभं वैर. "क्ष म्हणजे किती ते आधी सांग, मग मी गणित करतो. माप न घेता कापड कापायला मी काय वेडा आहे?" असं ते माझ्याशी भांडायचे. मी डोकं धरून बसलो की रोशनी खडू घ्यायची आणि कापायच्या टेबलावर त्यांना पायरी पायरीने समजावायची. न चिडता, तीन-तीनदा. ती मुलगी गणितात गेलीच कशी, हे मला अजून समजलेलं नाही. दिवाळीपर्यंत ती माझ्या चुका काढू लागली होती.

दिवाळीनंतर तिचे वडील गुजरातेतल्या बोटीवरून पाय मोडून घरी आले. रोशनी उंबरगावकडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. रविवार बंद झाले. "परीक्षेला येते काका, दोन दिवसांची तर गोष्ट," असं फोनवर म्हणाली.

बीजगणिताच्या पेपराला भाऊजींना मी स्कूटरवरून केंद्रावर नेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक तिच्यासाठी. फाटकापाशी चौदा-पंधरा वर्षांची पोरं त्यांना कुणाचे तरी आजोबा समजून वाट देत होती. रोशनी आली नाही. फोन बंद होता. पहिली घंटा झाली तेव्हा भाऊजी म्हणाले, "मी नाही जात आत." मी त्यांना अक्षरशः ढकललं. निदान यांचं तरी होऊ दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तिने शिकवलेलंच आलं होतं." संध्याकाळी तिचा फोन आला. ठेकेदार म्हणाला होता, सुट्टी घे, पण मग उद्यापासून येऊ नको. भूमितीच्या पेपरालाही ती नव्हती.

निकाल मी कचेरीत बसून पाहिला. भाऊजी पास झाले होते, गणितात त्रेचाळीस. मी अर्धा किलो पेढे घेऊन कासा गाठलं. बघतो तर ताईलाही पत्ता नाही. भाऊजींनी मला दुकानाच्या मागे ओढलं. "बोंबलू नकोस. मी नापास झालो असं रोशनीला सांगितलंय."

"अहो, पण का?"

"बाजूला येऊन बसा म्हणाली होती ना? मी पुढे निघून गेलो तर ती कुणासाठी येईल?"

मला त्यांचा संताप आला. साठाव्या वर्षी मिळालेली एवढी एक गोष्ट, तीही या माणसाने टाकून दिली. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्याबद्दल इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पेढे माझ्या बढतीचे म्हणून वाटले गेले. मला बढती मिळालेली नाही.

त्यानंतर फॉर्म भरायची मुदत एकदा येऊन गेली. रोशनी म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की. वडिलांचा पाय अजून नीट टेकत नाही. धाकटी आता नववीत आहे. मला वाटतं, रोशनी बसायची नाही. भाऊजींनाही तसंच वाटत असावं, पण आम्ही त्यावर बोलत नाही.

परवाच्या रविवारी मी तिथे असताना तिचा फोन आला. कंपनीत पाळी बदलायच्या वेळी ती कधीकधी करते. मागे मशिनांची घरघर होती. "काका, अभ्यास चालू आहे ना?" तिने विचारलं.

"चालू आहे गं. पण ते दोन समीकरणांचं काही सुटत नाही."

ती सांगू लागली. आधी वरच्याला दोनाने गुणा, मग खालचं त्यातून वजा करा, चिन्हं बदलायला विसरू नका. भाऊजी खडूने टेबलावर लिहीत गेले. उत्तर बरोबर आलं. "समजलं?" तिने विचारलं.

"नाही. परत सांग," भाऊजी म्हणाले.

तिने परत पहिल्यापासून सांगितलं. मधेच कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

"तिला अजून सगळं येतं," भाऊजी मला म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून बसून राहिले.