पहारेकऱ्याचे वाक्य

माझ्या थोरल्या भावाचे आयुष्य बटाट्यांच्या एका शीतगृहाच्या यंत्रखोलीत गेले. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की जेवणावरून उठायचे, काटे वाचायचे, नळ्यांवर साचलेला बर्फ ठोकून काढायचा आणि परत येऊन गार झालेली भाजी मुकाट्याने खायची, हा त्याचा दिनक्रम. मधल्या रिकाम्या वेळात त्याने विज्ञानकथा लिहिल्या. त्या छापून आल्या, थोड्याफार गाजल्याही. आणि गाजलेल्या लेखनावर समीक्षक येऊन बसतो, तसा याच्याही लेखनावर येऊन बसला.

भावाची सर्वांत नावाजलेली कथा एका अंतराळयानाची आहे. प्रवासी गोठवून निजवलेले. जागा फक्त पहारेकरी. एका प्रवाशाच्या मेंदूचे सारे काटे शून्यावर येतात, हृदय तेवढे चालू राहते. पहारेकरी पुष्कळ विचार करतो, ‘स्मृती संपली की माणूस संपतो’ असे म्हणतो आणि त्याच्या यंत्राची कळ बंद करतो. समीक्षकाने हे वाक्य उचलले व त्यावर ग्रंथ उभा केला. लेखकाचे तत्त्वज्ञान म्हणे असे, की माणूस म्हणजे स्मृती. देह हे नुसते भांडे. परंतु त्या वाक्यानंतर कथा आणखी बरीच चालते. तो प्रवासी यानाच्या ज्या टोकाला होता, तिकडे पहारेकरी पुन्हा फिरकत नाही. पाणी आणायचे झाले तरी सगळ्या यानाला वळसा घालतो. या पानांना ग्रंथात ‘रचनेतील शैथिल्य’ असे नाव मिळाले आहे.

मी साहित्य शिकवतो. पात्राचे वाक्य लेखकाच्या गळ्यात बांधू नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. ग्रंथ वाचून मी तणतणत भावाकडे गेलो, तर तो हसू लागला.

‘अरे, माझे प्रवासी म्हणजे बटाटे. आतून सडलाय की नाही ते बाहेरून कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं मला. त्यांनी पार आत्म्यापर्यंत नेलं. नेऊ दे. पुस्तक कसं जाडजूड झालंय बघ.’

निवृत्ती तोंडावर आली असताना तो यंत्रखोलीतच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रुग्णालयात श्वास यंत्रावर ठेवला. काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावले. वहिनी, पुतण्या आणि मी.

‘शुद्धीवर येतील अशी आशा मी देणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण येणारच नाहीत, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी आम्ही एकच विचारतो. यंत्र चालू ठेवावं की काढावं, त्यांना स्वतःला काय हवं असतं?’

‘असलं काही ते बोललेच नाहीत कधी,’ वहिनी म्हणाल्या. ‘घरात त्यांचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, नाहीतर गॅस बंद केलास का.’

पुतण्याने पिशवीतून ग्रंथ काढला. हा मुलगा कामावरून थेट रुग्णालयात यायचा आणि बाकावर झोपायचा. त्याच्या मायेविषयी मला शंका नाही. मात्र बापाची एकही कथा त्याने वाचली नव्हती. कथांवरचा ग्रंथ तेवढा वाचला होता. खुणेचे पान उघडून त्याने ते वाक्य वाचून दाखवले.

‘ते पहारेकऱ्याचं आहे,’ मी म्हणालो.

‘काका, पहारेकऱ्याला लिहिलं कुणी?’

मी पुढच्या पानांविषयी सांगू लागलो. वळसा, पाणी, त्या टोकाची भीती. पुतण्या म्हणाला, ‘काका, इथं तास घेऊ नका.’ डॉक्टरांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतले.

‘म्हणजे यंत्र चालू ठेवावं, असं त्यांचं मत होतं?’

‘तसंही म्हणता येत नाही,’ मी म्हणालो, कारण प्रामाणिक वाचनातून एवढेच उत्तर निघत होते. ‘कथा इतकंच सांगते, की पहारेकऱ्याला खात्री नव्हती.’

‘मग मी काय करू?’ डॉक्टरांनी विचारले; रागाने नव्हे.

एका बाजूला पृष्ठक्रमांकासकट छापलेले ठसठशीत वाक्य आणि दुसऱ्या बाजूला माझी शंका. विद्वानांनी वीस वर्षे दुर्लक्षिलेली शंका एका सकाळीत कोणाला पटणार होती?

‘भाऊजी,’ वहिनी खाली बघत म्हणाल्या, ‘तुमचं खरं असेल. पण तुमचं ऐकून मला काही ठरवताच येईना. याचं ऐकून निदान ठरवता तरी येतंय.’

यंत्र दुपारी काढले. फार वेळ लागणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. पण वेळ लागत गेला. भाऊ आपला आपण श्वास घेत राहिला, खरखरीत, मोठ्या अंतराने, पण घेत राहिला. वहिनी पांघरुणाखाली त्याचे पाय चोळत होत्या. एक परिचारिका दोनदा आत डोकावून गेली. पुतण्या उठून बाहेर आला. मी दाराजवळच्या बाकावर होतो.

‘काका, अजून चालू आहे.’

‘हो.’

‘त्यांना कळत असेल का हो? आपण काय केलं ते?’

हा प्रश्न सकाळी, त्या खोलीत, ग्रंथ उघडण्यापूर्वी विचारायचा होता. पुतण्या आता दाराकडे न बघता भिंतीला टेकून उभा होता.

‘नाही रे,’ मी म्हणालो. ‘स्मृती संपली की माणूस संपतो. तूच वाचलंस ना सकाळी? बाबांनीच लिहिलंय ते.’

त्याने मान हलवली आणि तो माझ्या शेजारी बसला. दार अर्धवट उघडे होते. आतला श्वास आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.